शालूबाईंच्या बैठका

शिवाजी पेठेतल्या साळोख्यांच्या तीन मजली घरात शालूबाई तळमजल्यावरच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीला लावलेल्या लोखंडी कॉटवर बसून असायच्या. ‘बसून असतात’ हे त्यांच्या सुनेचं, अंतराचं वाक्य. सासूबाई काय करतात असं कुणी विचारलं की ती हसून सांगायची, "काही नाही, बसून असतात."

बसल्या बसल्या शालूबाई गॅसचा सिलिंडर उतरवून घेत आणि कुरिअरवाल्याला सही देत. अंतरा सकाळी शाळेत शिकवायला निघताना गॅसवर दूध ठेवून "आई, लक्ष असू द्या" म्हणून जायची. ते दूध वर यायला लागलं की शालूबाईंना नुसत्या वासावर कळायचं, आणि भिंतीला धरत धरत जाऊन त्या गॅस बंद करायच्या. पाण्याची मोटर, वरच्या मजल्याची किल्ली, समोरच्यांची किल्ली, कामवालीची ये-जा, इस्त्रीचे कपडे, सगळं त्या कॉटवरून चालायचं. याला घरात कुणी काम म्हणत नसे, कारण ते बसून होत होतं.

शालूबाईंचं वय चौसष्ट आणि वजन ब्याण्णव किलो. हे वजन कुठून आलं याची चौकशी कुणी केली नव्हती. खरं म्हणजे ते घरातल्या सगळ्यांच्या ताटातून थोडं थोडं आलं होतं. अंतराला शिळं चालत नसे आणि टाकून दिलेलंही बघवत नसे. या दोन्ही तत्त्वांच्या मध्ये सासूबाई होत्या. "आई, एवढा भात संपवून टाका." "आई, केकचा हा तुकडा कुणी खाणार नाही, घ्या." नात तेजस्वी पुण्याला हॉस्टेलवर राहायची. ती सुट्टीला आली की पिझ्झ्याच्या कडाही शालूबाईंकडे यायच्या. फ्रिज भरला की जे बाहेर काढायचं ते शालूबाईंच्यात ठेवायचं, अशी घराची घडी बसली होती.

गुडघे गेलेच होते. सहा वर्षांत त्या स्वतःच्या घराचा जिना चढल्या नव्हत्या.

त्यांचा मुलगा धैर्यशील कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात मॅनेजर होता. कारखान्यात तपासणीचं शिबिर झालं, आणि तिथल्या डॉक्टरनं त्याच्या पोटाभोवती टेप गुंडाळून दोनदा आकडा वाचला. धैर्यशील घरी आला तो वेगळाच माणूस होऊन. व्यायाम आणि आहार या दोन गोष्टी जगात आधीपासून होत्या, हे त्याच्या बोलण्यातून कळत नव्हतं. त्याच आठवड्यात चार माणसांनी जिन्यातून तिरकी करत एक ट्रेडमिल दुसऱ्या मजल्यावर नेली. साखर बंद झाली. तेल बाटलीतून फवारायचं ठरलं. रात्रीच्या जेवणाला दुधीचं सूप आलं, आणि सुपाबरोबर धैर्यशीलचं भाषण.

"आपल्या कोल्हापूरच्या माणसाचं काय चुकतं माहिती हाय?" तो चमचा उगारून म्हणायचा. "जिभेवर ताबा न्हाय."

हे ऐकताना अंतरा मान हलवायची. शालूबाई सूप प्यायच्या, आणि पातेल्यात उरलेलं सूपही प्यायच्या.

पुढच्या रविवारी धैर्यशीलनं जाहीर केलं, की सगळं घर फिट होणार आणि त्याचा व्हिडिओ निघणार. त्याचा स्वतःचा व्हिडिओ आधीच निघाला होता. त्यात तो नवे बूट घालून ट्रेडमिलवर चालत होता आणि मागं एक जोशपूर्ण गाणं होतं. आता आईची पाळी होती.

"तू काय कठीण करायचं न्हाईस. खुर्चीतनं उठायचं आणि परत बसायचं. संपलं."

शालूबाईंच्या नवऱ्याची, कै. गुंडू साळोख्यांची, हातांची सागवानी खुर्ची मध्ये मांडली. अंतरानं मोबाईल धरला. शालूबाई पहिल्यांदा निम्म्यापर्यंत उठल्या आणि खाली आल्या. दुसऱ्यांदा तेवढ्याही उठल्या नाहीत. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबत, ओठ मिटून, त्या उभ्या राहिल्या. धैर्यशीलनं टाळ्या वाजवल्या. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर गेला. खाली लिहिलं होतं, ‘चौसष्टाव्या वर्षी आईचा फिटनेसचा प्रवास, माझ्या मार्गदर्शनाखाली.’ तेजस्वीनं पुण्याहून लाल बदाम पाठवले.

शालूबाईंनी तो व्हिडिओ समोरच्या कालिंदीच्या मोबाईलवर पाहिला. कालिंदी ब्लाउज शिवायची, आणि पेठेतल्या अर्ध्या बायकांची मापं तिला तोंडपाठ होती. "वैनी, तुमी तर फेमस झालासा," असं म्हणत ती मोबाईल घेऊन आली.

शालूबाईंनी एकदा पाहिलं, मग परत लावायला सांगितलं. "आवाज वाढीव की जरा," त्या म्हणाल्या. गाण्याच्या मागं, दुसऱ्यांदा त्या खुर्चीत आपटल्या त्या वेळी, कुणीतरी हसत होतं. दाबून, नाकातून. मोबाईल धरणारीचंच हसू ते, दुसऱ्या कुणाचं असणार.

"आणि एकदा लावू?" कालिंदीनं विचारलं.

"नको," शालूबाई म्हणाल्या. "मला असलं व्यायामाचं दुसरं काय तरी शोधून दे. पण बाईचं. आणि हळू सांगणारं."

शालूबाईंचं माहेर निपाणीच्या पलीकडचं. आईशी त्या कानडीत बोलायच्या आणि वडिलांशी मराठीत. कालिंदीला शोधता शोधता कुठल्याशा कानडी बाईचे व्हिडिओ सापडले. बाई साठीची, जाड काचांचा चष्मा, साडीवर ढगळ टी-शर्ट, आणि मागं तिच्या घरातलं कपाट. ती घाई करत नव्हती, कुणाला जोशही आणत नव्हती. "आज नाही जमलं तर उद्या जमेल, आपल्याला कुठं जायचंय," असं काहीतरी कानडीत म्हणायची आणि मोजायला लागायची. शालूबाईंना ती पहिल्याच दिवशी आवडली, आणि कालिंदीनं त्यांना ते व्हिडिओ त्यांच्या मोबाईलवर लावायला शिकवले.

दुसऱ्या दिवसापासून, अंतरा शाळेत आणि धैर्यशील कागलला गेला की साळोख्यांच्या बाहेरच्या खोलीत कानडी आकडे ऐकू यायला लागले. वंदु, येरडु, मूरु. शालूबाईंनी खुर्चीवर दोन उशा ठेवल्या, म्हणजे बैठक उंच झाली. त्यावरून उठायचं, बसायचं. सुरुवातीला मूरुच्या पुढं गाडी जात नव्हती. गुडघ्यात कुणी चमचा घालून ढवळतंय असं वाटायचं. मांड्या थरथरायच्या आणि घाम पदरात मावायचा नाही. चार दिवस तर त्यांनी सोडूनच दिलं. मग एक दिवस न्हाणीघरात बादली उचलताना त्यांच्या लक्षात आलं, की नेहमीसारखं नळाला धरावं लागलं नाही. त्या परत खुर्चीकडं गेल्या.

काही आठवड्यांनी एक उशी निघाली. बऱ्याच दिवसांनी दुसरीही निघाली. भिंतीला हात टेकून टाचा उचलणं, पाण्याच्या बाटल्या दोन हातांत धरून वर नेणं, खिडकीपासून मोरीपर्यंत फेऱ्या घालणं, हे एकेक करून वाढत गेलं.

खाण्याचं मात्र त्यांनी एका दिवसात केलं. त्यासाठी दुधीचं सूप लागलं नाही. सकाळी एक ज्वारीची भाकरी आणि भाजी, रात्री अर्धी, मध्ये ताक, डाळ, कधी उकडलेलं अंडं. चहातली साखर अर्धी झाली. दुपारचं भडंग गेलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, उरलेलं बंद झालं.

"आई, ही एवढी खीर संपवून टाका," अंतरा वाटी घेऊन आली.

"नको."

"अहो, वाटीभर तर आहे. वाया जाईल."

"जाऊ दे की."

अंतरा वाटी घेऊन थोडा वेळ तिथंच उभी राहिली. लग्न होऊन आल्यापासून हे वाक्य तिनं या घरात ऐकलं नव्हतं. शेवटी तिनं ती खीर ओट्यापाशी उभ्यानं, कुणाचं लक्ष नाही असं बघून, स्वतः पिऊन टाकली. दुसऱ्या दिवशी भाताचंही तसंच झालं. वर्षाअखेर अंतराचे ब्लाउज उसवायला कालिंदीकडं आले. कालिंदीनं काही विचारलं नाही, पण शालूबाईंना सांगितलं.

धैर्यशीलच्या मोहिमेचं काय झालं, हे सांगायला तारीख देता येणार नाही. मोहीम संपल्याचं त्यानं जाहीर केलंच नव्हतं. ट्रेडमिलवर आधी एक टॉवेल आला. मग पावसाळ्यात अंतराच्या साड्या आल्या. जीन्स वाळायला त्या पट्ट्यासारखी दुसरी जागा नाही, असं पुढं सिद्ध झालं. भाषण मात्र चालू राहिलं. उलट व्यायाम सुटल्यापासून त्याला बोलायला दम जास्त पुरायचा.

त्या सुमारास एका सकाळी, घरात कुणी नसताना, शालूबाई जिन्यापाशी उभ्या राहिल्या. कठड्याला धरून पहिली पायरी चढल्या, थांबल्या. चांगला पाय वर टाकायचा, दुखरा मागनं न्यायचा, असं त्या कानडी बाईनं शिकवलं होतं. मधल्या वळणावर बसून त्यांनी श्वास घेतला, आणि मग त्या वर पोचल्या. सहा वर्षांत वर काय काय बदललंय, हे त्या पाहुणीसारखं बघत फिरल्या. पडदे नवे होते. त्यांच्या लग्नातलं कपाट कुठंतरी गेलं होतं. आणि मुलाच्या खोलीत, पलंगाच्या पलीकडं, कमरेएवढा एक फ्रिज होता.

त्यांनी तो उघडला. काजू बर्फीचा डबा, आइस्क्रीम, थंड पेयाच्या बाटल्या, अर्धा केक, लोण्याचा मोठा पुडा. दाराच्या कप्प्यात चॉकलेटं रांगेनं उभी होती. खालच्या मजल्यावर दुधीचं सूप चालू होतं त्या काळातली एक बिल-पट्टीही डब्याला चिकटलेली होती. शालूबाईंनी दार लावलं, ते परत थोडं उघडलं. त्यांनी ते गुडघ्यानं दाबून बसवलं आणि खाली आल्या. उतरताना जास्त दुखलं.

रात्री जेवताना धैर्यशील प्रथिनांबद्दल सांगत होता. तो पाणी प्यायला थांबला तेव्हा शालूबाई म्हणाल्या, "वरच्या फ्रिजचं रबर बदलून घे. दार नीट बसत न्हाय."

अंतरा उठून ताटं गोळा करायला लागली.

"तू वर गेलतीस?" धैर्यशीलनं विचारलं. "एकटी? पडली असतीस म्हणजे?"

"न्हाय पडलो," शालूबाई म्हणाल्या. पेठेतल्या जुन्या बायका बोलतात तसं त्या ‘मी जातो, मी आलो’ असंच बोलायच्या. अंतरानं लग्नानंतर काही दिवस ते सुधारायचा प्रयत्न केला होता.

जिना जमल्यावर शालूबाईंना घरात कोण धरणार. आधी गल्लीच्या तोंडापर्यंत, मग तालमीच्या कोपऱ्यापर्यंत, मग कालिंदीबरोबर मंडईपर्यंत त्या जायला लागल्या. त्यांना खरी ओढ होती ती फुटबॉलची. गुंडू साळोखे तरुणपणी पेठेच्या संघात हाफबॅक होते, आणि लग्नानंतरची पहिली तीन वर्षं शालूबाई मैदानाच्या पायऱ्यांवर बसून त्यांचा खेळ बघत आल्या होत्या. नंतर घर, नवऱ्याचं दुकान, मूल, आणि मग गुडघे. सामन्याच्या दिवशी गल्लीतून ओरडत जाणारी पोरं खिडकीतून दिसायची, तेवढंच. आता हंगाम सुरू झाला तशा त्या कालिंदीला घेऊन मैदानावर जाऊन बसायला लागल्या. सिमेंटच्या पायरीवरून हात न टेकता उठता येतं हे पहिल्या सामन्याच्या मध्यांतरात त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या उगीचच दोनदा उठून बसल्या.

"काय होतंय, वैनी?" कालिंदीनं विचारलं.

"काय न्हाय. बरं वाटलं."

इकडं घरात दूध उतू गेलं. सिलिंडरवाला कुलूप बघून परत गेला. तेजस्वीच्या कॉलेजचं पाकीट तीनदा येऊन परत फिरलं. मोटर चालू राहिली, टाकी भरून वाहिली, आणि शेजारच्यांच्या भिंतीला ओल आली म्हणून भांडण झालं. अंतरा शाळेतून येऊन दारात उभी राहिली आणि किल्ली सासूबाईंकडं, सासूबाई मैदानावर. ती पायरीवर बसून होती तेवढ्या वेळात गल्लीतल्या तिघींनी तिला विचारलं, "काय, बाहेर बसलाय?"

तेव्हा घरात बैठक झाली. शालूबाई त्या वेळी मंडईत गेल्या होत्या, म्हणूनच झाली. एवढं वजन उतरलंय म्हणजे काहीतरी आजार असणार, असं अंतराचं मत पडलं. धैर्यशीललाही ते एकदम पटलं. व्यायामानं वजन उतरतं यावर त्याचा अनुभवावरून विश्वास उरला नव्हता. शालूबाईंच्या भावाला, आकारामला, गावाहून बोलावून घेतलं. आकाराम आला तो खव्याचा गोळा आणि तुपाची बरणी घेऊन.

"आक्का, काय ही दशा," तो दारातच म्हणाला. "गळ्याची हाडं दिसाय लागली की."

"दिसू देत. असतातच ती," शालूबाई म्हणाल्या.

"माणसं मला इचारत्यात, पोरगा खायाला घालत न्हाय काय म्हणून."

हे वाक्य धैर्यशीलला लागलं. दुसऱ्याच दिवशी तो आईला डॉक्टरांकडं घेऊन गेला. रक्त, लघवी, थायरॉइड, पोटाची सोनोग्राफी, सगळं झालं. डॉक्टरीणबाईंनी कागद चाळले, शालूबाईंना खुर्चीतून उठायला सांगितलं, बसायला सांगितलं, आणि रक्तदाबाची गोळी अर्धी केली.

"म्हणजे काही नाही?" धैर्यशीलनं विचारलं.

"काही नाही. फार छान केलंय त्यांनी. कुणी शिकवलं?"

"मीच सुरुवात करून दिली," धैर्यशील म्हणाला. त्याला तसं वाटतही होतं.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या शर्टाच्या ताणलेल्या बटणांकडं पाहिलं. त्या सभ्य होत्या, त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. कारखान्यात पुढच्या आरोग्य सप्ताहात धैर्यशीलनं आईचा जुना आणि नवा असे दोन फोटो पडद्यावर दाखवून अर्धा तास मार्गदर्शन केलं, आणि शाल-श्रीफळ घेऊन आला. नारळाची बर्फी झाली. शालूबाईंनी एक वडी खाल्ली. बाकीची वरच्या फ्रिजमध्ये गेली.

आजार निघेना, आणि खवा-तूप तर आकारामनंच आठवडाभर राहून संपवलं. तेव्हा धैर्यशीलनं सरळच विषय काढला.

"आई, तू जरा घरात बसत जा की."

"कशाला?"

‘दुधासाठी’ असं आईला कसं म्हणायचं. "म्हणजे, घरात कुणीतरी असावं," तो म्हणाला.

"मग ठेवा कुणाला तरी."

त्यांनी ठेवलं. पिराजी नावाचा, एका बंद पडलेल्या गिरणीवरचा निवृत्त पहारेकरी मिळाला. मिशा पांढऱ्या, आवाज भारदस्त. पहिल्या दिवशी तो शालूबाईंच्या कॉटवर बसला आणि पेपर मागितला. मग चहा मागितला. अमावस्येला सुट्टी लागेल, हेही सांगून टाकलं. सिलिंडर आला तो त्यानं उतरवून घेतला, कुरिअरला सही दिली. अंतराला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी शाळेत निघताना ती म्हणाली, "पिराजीमामा, दूध ठेवलंय, लक्ष असू द्या."

"दूध माझ्याकडं न्हाय," पिराजी म्हणाला. "मी दाराला हाय."

संध्याकाळी तिनं त्याच्यापुढं झाकलेलं भांडं ठेवलं. "एवढी भाजी संपवून टाका, मामा."

"कालची हाय काय?"

"फ्रिजमध्ये होती. चांगली आहे."

"मग नको. मला पित्त हाय."

शालूबाई आत टाचा उचलत होत्या, त्यांना हे सगळं ऐकू आलं. त्यांना पिराजीचं कौतुक वाटलं, आणि थोडी लाजही वाटली. एवढं साधं वाक्य त्यांना इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. पित्त तर त्यांनाही होतं.

हळूहळू साळोख्यांच्या लक्षात आलं, की दाराला एक माणूस लागतं, दुधाला दुसरं, किल्ल्यांना भरवशाचं तिसरं, आणि उरलेलं खायला तर पैसे देऊनही कुणी मिळत नाही. पिराजी महिन्याभरात ‘इथं बसून बसून कंबर धरली’ असं सांगून सोडून गेला.

त्यानंतर चार-सहा महिन्यांत धैर्यशीलनं कागल रस्त्याला एका नव्या संकुलात फ्लॅट घेतला. रोजची ये-जा फार होते, असं कारण सांगितलं. ये-जा तो पंधरा वर्षं करत होता. फ्लॅटला लिफ्ट होती. खाली जिम होतं, ते बघून तो फार खूश झाला. पण अंतराला पसंत पडला तो वॉचमन. पार्सल घेतो, किल्ली ठेवतो, दुधाच्या पिशव्या दाराशी आणून देतो, आणि हे सगळं देखभालीच्या पैशात.

"तूही चल की, आई," धैर्यशील म्हणाला, आणि शालूबाई काही बोलायच्या आत त्यानंच पुढचं सांगितलं, "पण तुला काय तिथं करमायचं न्हाय. तुझं सगळं इथंच हाय."

"व्हय," शालूबाई म्हणाल्या.

सामानाचा टेंपो गेला त्या दुपारी त्या कॉटवर बसल्या, त्या उठल्याच नाहीत. आपण बसलो असतो तर ही माणसं गेली नसती, हे त्यांना कळत होतं. आपण उठलो म्हणून गेली, हेही कळत होतं. यातलं कुठलं जास्त वाईट, ते त्यांना ठरवता येईना. त्या आठवड्यात व्यायाम झाला नाही. जेवण एकटीसाठी काय करायचं, म्हणून चहा आणि खारी, चहा आणि खारी असं चाललं. गुडघा परत बोलायला लागला. कानडी बाई मोबाईलमध्ये तशीच हसत होती, तिला त्यांनी लावलंच नाही.

शेवटी कालिंदी शिवणाची टेप गळ्यात घेऊनच आली. "उठा," ती म्हणाली. "माप घेतो."

"ब्लाउज शिवायचा न्हाय मला."

"शिवायचा म्हणून न्हाय. किती वाढलासा ते बघायचं हाय."

कालिंदीनं कमरेभोवती टेप लावली आणि आकडा मोठ्यानं सांगितला, गल्लीत ऐकू जाईल इतका. शालूबाई चिडल्या. कालिंदीला हाकलून त्यांनी दार लावून घेतलं, आणि चिडलेल्याच खुर्चीपाशी गेल्या. एक उशी परत ठेवावी लागली. ती निघायला पुढं बरेच दिवस गेले.

आता त्यांचं वजन बहात्तरच्या आसपास येऊन थांबलंय, आणि काही केल्या खाली जात नाही. थंडीत गुडघा दुखतो. सकाळी बाहेरच्या खोलीत कालिंदी आणि गल्लीतल्या आणखी दोघी येतात, आपापल्या खुर्च्या घेऊन. त्या तिघींपैकी कानडी कुणालाच येत नाही, पण दहापर्यंत सगळ्यांना मोजता येतं. ट्रेडमिल धैर्यशीलनं नेली नाही. फ्लॅटच्या लिफ्टमध्ये ती बसत नव्हती. ती वरच पडून आहे.

धैर्यशील रोज संध्याकाळी फोन करतो. "आई, जेवलीस का?" विचारतो. एका घरात राहत होता तेव्हा त्यानं हे वर्षभरात जेवढ्या वेळा विचारलं नसेल, तेवढ्या वेळा आता महिन्यात विचारतो. शालूबाई खरं ते सांगतात, जेवल्या असल्या तर जेवलो म्हणून.

परवा त्यानं फोनवर जरा घोटाळत सुरुवात केली. अंतराच्या शाळेच्या परीक्षा चालू आहेत. कामवाली गावाला गेली आहे. वॉचमन बदललाय, नवा कुणाची पार्सलं घेत नाही. "तर मी म्हणत होतो, तू चार दिवस येशील का इकडं?"

"बसायला का राहायला?" शालूबाईंनी विचारलं.

पलीकडं टीव्ही चालू होता तो बंद झाला. अंतरा काहीतरी हळू बोलली, ते कळलं नाही.

"राहायला गं," धैर्यशील म्हणाला.

"मग येतो. पण रविवार झाल्यावर. रविवारी आमी चौघी जोतिबाला जाणार हाय. डोंगराच्या पायथ्याला गायमुख हाय, तिथनं वर चालत."

"चालत? झेपेल का तुला?"

"बघतो की," शालूबाई म्हणाल्या. "न्हाय झेपलं तर बसतो वाटेत. मग परत उठतो."

फोन ठेवून त्यांनी परातीत एका भाकरीचं पीठ घेतलं. मग थोडा विचार करून आणखी मूठभर टाकलं, कारण भूक लागली होती.